यमकाचा कान आणि अभिप्रायाची नीती

१

'अभिप्राय' या शब्दाचा मराठीतील आजचा रूढ अर्थ 'मत' किंवा 'शेरा' असा आहे. संस्कृतात मात्र तो बोलणाऱ्याचा हेतू, त्याच्या मनातील आशय या अर्थाने येतो; आणि 'अभि' व 'प्र' या उपसर्गांसह 'इ' म्हणजे जाणे या धातूपासून तो सिद्ध होत असल्याने त्याच्या मुळाशी 'जवळ जाणे' ही क्रिया आहे. शब्दाच्या इतिहासात येथे एक स्थलांतर घडलेले दिसते. जो अभिप्राय मुळात बोलणाऱ्याचा होता, तो ऐकणाऱ्याचा झाला. प्रस्थापित लेखकाच्या बाबतीत हे स्थलांतर निरुपद्रवी ठरते. कारण त्याचा आशय शोधण्याचे कष्ट समीक्षक घेतोच. नवोदिताच्या बाबतीत तसे घडत नाही. त्याला काही म्हणायचे आहे हेच गृहीत धरलेले नसते. त्याला केवळ लिहायला शिकायचे आहे, असे मानले जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हा प्रश्न एका विशिष्ट रूपात उभा राहतो. महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी, एखादी अंगणवाडी सेविका किंवा एखादा वनरक्षक आपली कवितांची वही मराठीच्या प्राध्यापकांपुढे अथवा कवी म्हणून नाव असलेल्या एखाद्या गृहस्थांपुढे ठेवतो, अशी कल्पना करावी. वहीतील कविता बहुधा यमकबद्ध असते. वाचणारा पेन्सिल उचलतो आणि पहिली खूण करतो ती यमकाखाली: 'काळा' आणि 'वारा' यांचे यमक जुळत नाही. खूण बरोबर आहे असे कोणीही म्हणेल. परंतु ती बरोबर आहे की नाही, हे ज्या कसोटीवर ठरते ती कसोटी कोणाची, हा प्रश्न त्या खुणेत दडलेला आहे. नवोदिताच्या यमकबद्ध कवितेवर अभिप्राय देताना नेमके कशाचे मूल्यमापन होते, आणि ते करण्याचा अधिकार कोणत्या अटीवर प्राप्त होतो, हा या विवेचनाचा विषय आहे.

२

नवोदित यमकाकडे का वळतो, याचे उत्तर सहसा उपहासाने दिले जाते: त्याला आधुनिक कविता माहीत नसते. हे उत्तर अपुरे आहे. या प्रदेशात कविता पुस्तकात भेटण्यापूर्वी कानावर येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने, १९४२ च्या चिमूरच्या उठावाशी ज्यांचे नाव जोडले गेले ती, आणि ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' येथील गावोगावी म्हटली जाते. ग्रंथाच्या ओवीतील पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या चरणाचे मोकळेपण या रचनेने कित्येकांचा कान घडविला आहे. त्याच्या जोडीला दंडार आहे, खडी गंमत आहे, धानाच्या रोवणीच्या वेळची बायकांची गाणी आहेत, आणि वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांतील पदे आहेत. या सर्वांतून आलेल्या माणसाच्या दृष्टीने यमक हा कवितेवर चढविलेला दागिना नाही. बोलणे संपून कविता सुरू झाली, हे सांगणारी ती खूण आहे. मुक्तछंदात लिहिणारा कवी ही खूण अन्य मार्गांनी देतो. नवोदिताला ते मार्ग अजून गवसलेले नसतात. म्हणून तो यमकाला धरून उभा राहतो.

शास्त्रदृष्ट्या येथे एक भेद करणे आवश्यक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक आणि दीपक यांच्यासह यमक हा चौथा अलंकार सांगितला आहे; परंतु ते यमक म्हणजे त्याच वर्णसमूहाची भिन्न अर्थाने झालेली पुनरावृत्ती होय. मराठीत ज्याला सर्रास यमक म्हटले जाते, ते वस्तुतः अंत्यानुप्रासाचे रूप आहे. या दोहोंमधील अंतर मान्य करूनही आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त यमकाविषयी घेतलेला आक्षेप नवोदिताच्या यमकालाही लागू पडतो. त्याच्या मते जो अलंकार रसाच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता सिद्ध होतो, तोच काव्यात ग्राह्य होय. यमकासाठी कवीला शब्द शोधत थांबावे लागते आणि त्या थांबण्यात रसभंग होतो. यासाठी त्याने योजलेली 'अपृथग्यत्न' ही संज्ञा महत्त्वाची आहे. तिच्यातून यमकाची एक कसोटी हाती येते. यमक जुळले की नाही, हा गौण प्रश्न आहे. ते जुळविण्यासाठी वेगळा यत्न करावा लागला की नाही, हा मुख्य प्रश्न आहे.

मात्र या कसोटीत एक गोष्ट गृहीत आहे. यत्न 'वेगळा' आहे की नाही, हे कोणाच्या भाषेच्या संदर्भात ठरवायचे? आनंदवर्धनापुढे हा प्रश्न नव्हता. कवी आणि सहृदय यांची काव्यभाषा एकच होती. झाडीपट्टीत तो टाळता येत नाही.

३

झाडीबोलीच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ झटलेले डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीची जी वैशिष्ट्ये दाखवून दिली, त्यांत ण, ळ, छ, श आणि ष या व्यंजनांचा अभाव हे एक ठळक वैशिष्ट्य आहे. 'ण' च्या जागी 'न' येतो, 'ळ' च्या जागी 'र' येतो, 'श' आणि 'ष' यांच्या जागी 'स' येतो. 'काळा' हा 'कारा' होतो, 'डोळा' हा 'डोरा' होतो, 'पाणी' हे 'पानी' होते. शेजारच्या वऱ्हाडीत हाच 'डोळा' 'डोया' होतो. म्हणजे एकाच विदर्भात एकाच शब्दाची तीन उच्चाररूपे नांदतात आणि प्रत्येक रूपाचे यमकबंधू वेगळे आहेत. प्रमाण मराठीत 'डोळा' चे नाते 'गोळा' शी आहे. झाडीबोलीत 'डोरा' चे नाते 'गोरा' शी जडते आणि 'कोरा' शीही जडते, कारण तेथे ही सगळी मंडळी एकाच घरची आहेत.

यावरून पेन्सिलीच्या त्या खुणेकडे पुन्हा पाहता येते. ज्याच्या घरी 'कारा' म्हणतात, त्याच्या कानात 'कारा' आणि 'वारा' यांचे यमक निर्दोष आहे. ते त्याला शोधावे लागलेले नाही, ते त्याच्या जिभेवर आपोआप आले आहे. आनंदवर्धनाच्या भाषेत ते अपृथग्यत्ननिर्वर्त्य आहे. परंतु शाळेत त्याने लेखन शिकले ते प्रमाण मराठीचे. म्हणून कानाने रचलेली ओळ कागदावर उतरवताना त्याचा हात 'काळा' असे लिहितो. जे ऐकताना जुळलेले होते, ते लिहिताना तुटते. दोष काव्यरचनेत नाही. रचना एका भाषारूपात आणि लेखन दुसऱ्या भाषारूपात झाल्यामुळे तो कागदावर प्रकट झाला आहे. स्वतः नवोदितालाही हे सांगता येतेच असे नाही. वर्गात 'काळा' आणि घरी 'कारा' असे दोन उच्चार तो इतक्या सहजतेने सांभाळतो की आपली ओळ कोणत्या उच्चारात जन्मली, हे त्याला वेगळे आठवत नाही. त्याला एवढेच कळते की म्हणताना गोड वाटलेले यमक गुरुजींच्या हातात गेल्यावर चुकीचे निघाले.

आता दुरुस्ती सुचविणाऱ्याचे काय होते ते पाहावे. तो 'वारा' काढून 'शाळा', 'माळा', 'जिव्हाळा' यांपैकी एखादा शब्द सुचवितो. यमक शुद्ध होते. परंतु ओळीतला वारा गेला, आणि तो का होता हे कोणी विचारले नाही. जे यमक वेगळ्या यत्नाविना आले होते ते काढून, ज्यासाठी वेगळा यत्न करावा लागेल असे यमक तेथे बसविले गेले. शास्त्राच्या नावाने शास्त्राच्या नेमके उलट वर्तन घडले. येथे भाषिक अन्याय झाला हे खरेच. परंतु त्याहून मूलभूत असे काही घडले आहे. परीक्षकाला जे ऐकू आले नाही, ते अस्तित्वातच नाही असे त्याने ठरविले. हा चुकीचा निर्णय अज्ञानातून झाला असेल, परंतु त्याची किंमत अज्ञानी परीक्षक मोजत नाही. ती नवोदित मोजतो. आपला कान विश्वासार्ह नाही, हा धडा तो घेतो. आणि ज्या माणसाचा स्वतःच्या कानावर विश्वास उरला नाही, तो कविता लिहू शकत नाही. फार तर तो कवितेसारखे काही लिहू शकतो.

प्रमाणभाषेचे नियम हे निसर्गनियम नव्हेत, हे सर्वश्रुत आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली ठरले, आणि त्यापूर्वीच्या छापील कवितेतील अनुस्वारयुक्त अंत्याक्षरे आज वेगळ्या रीतीने लिहिली जातात. त्या जुन्या यमकांना कोणी सदोष म्हणत नाही. त्यांचा काळ लक्षात घेऊन ती वाचली जातात. जे सौजन्य काळाच्या अंतराला दाखविले जाते, ते स्थळाच्या अंतराला का दाखवू नये, याचे उत्तर देणे कठीण आहे.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण येथे बोधक ठरते. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी सोपानदेव चौधरी यांनी जपली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती छापताना त्यांची खानदेशी उच्चाररूपे राखली गेली. त्यामुळे त्या गाण्यांतील यमके वाचकाच्या कानावर जुळलेलीच पडतात. हीच गाणी कोणी प्रमाणलेखनात उतरवून काढली असती, तर त्यांतील कित्येक यमके सैल दिसली असती आणि एखाद्या परीक्षकाने त्यांखाली रेघही ओढली असती. गाणे तेच राहिले असते. केवळ त्याचा कान काढून घेतला गेला असता.

४

इमॅन्युएल कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये नेमके नवोदित कवीचेच उदाहरण घेतले आहे. रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे कांटची सौंदर्यमीमांसा मराठी अभ्यासकांना परिचित आहे. परंतु हे लहानसे उदाहरण फारसे चर्चिले जात नाही. आपली कविता सुंदर आहे ही तरुण कवीची खात्री लोकांच्या वा मित्रांच्या प्रतिकूल मतामुळे ढळत नाही; पुढे सरावाने त्याची अभिरुची तीक्ष्ण झाली, की तो स्वतःहून आपल्या आधीच्या निर्णयापासून दूर जातो, असे कांट सांगतो. याचे कारण त्याच्या मते अभिरुचीच्या स्वायत्ततेत आहे. सौंदर्यविषयक निर्णय दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. शंभर जणांनी नापसंती दाखविली, तरी तेवढ्याने एकशे एकाव्याला ती गोष्ट असुंदर वाटू लागत नाही; वाटली असे तो म्हणालाच, तर तो सौंदर्यनिर्णय नसून अनुसरण आहे.

या मांडणीतून अभिप्रायाच्या नीतीविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अभिप्राय देणारा आपला निर्णय नवोदिताच्या ठायी संक्रमित करू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही त्याने करू नये. नवोदिताची अभिरुची तीक्ष्ण होईल अशी परिस्थिती निर्माण करणे, एवढेच त्याच्या हाती आहे. 'हे चुकले' या वाक्याने अनुसरण घडते. 'हे पुन्हा ऐकून पाहा' या वाक्याने सराव घडतो.

मात्र कांटचा तरुण कवी आणि त्याचे श्रोते यांचा कान एकच आहे, हे तेथे गृहीत आहे. त्यामुळे काळाच्या ओघात कवी श्रोत्यांच्या मताकडे येतो, ही त्या उदाहरणातील प्रगतीची दिशा ठरते. झाडीपट्टीतील नवोदित पुढे 'काळा' आणि 'वारा' यांच्या यमकापासून दूर गेला, तर त्याची अभिरुची तीक्ष्ण झाली असे म्हणायचे, की त्याने उच्चार बदलला असे म्हणायचे? बाहेरून या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. एकीत माणूस आपल्या कानाच्या अधिक जवळ जातो; दुसरीत तो त्यापासून तुटतो. अभिप्राय देणाऱ्याची खरी कसोटी हा फरक ओळखण्यात आहे.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा समज होऊ शकेल की नवोदिताचे प्रत्येक यमक त्याच्या बोलीच्या आधारे समर्थनीय ठरते. तसे मानणे ही दुसरी चूक होय, आणि ती पहिलीपेक्षा कमी गंभीर नाही. 'रान', 'छान', 'महान', 'शान' ही माळ कोणत्याही बोलीत जुळतेच. परंतु ज्या ओळीत मोहाच्या फुलांचे वर्णन चालू आहे, ती एकाएकी देशाच्या शानेकडे वळते तेव्हा वळविणारा कवी नसतो, यमक असते. येथे कानाचा दोष नाही. येथे कान इतका बलवान झाला आहे की त्याने डोळा मिटून घेतला आहे. याचा उच्चार न करणारा वाचक नवोदिताला फसवितो.

या फसवणुकीचे एक सभ्य रूप आहे. 'जंगलातल्या मुलाने लिहिले, हेच विशेष' असे म्हणून वही परत करणारा वाचक दयाळू दिसतो. प्रत्यक्षात त्याने त्या कवितेला कविता म्हणून वाचण्यास नकार दिलेला असतो. दोष दाखविणारा किमान एवढे तरी मानतो की समोरच्याला दोष समजू शकेल आणि सुधारता येईल. कौतुक करून मोकळा होणारा तेवढेही मानत नाही. साहित्यातील देशीयतेच्या चर्चेत बोलीचा गौरव होऊ लागल्यानंतर या दयेला एक प्रतिष्ठित परिभाषाही मिळाली आहे. 'अस्सल', 'मातीतले', 'रांगडे' ही विशेषणे पुष्कळदा वाचनाचा शेवट करण्यासाठी वापरली जातात. वाचनाची सुरुवात त्यांनी क्वचितच होते.

या दोन टोकांचा ऐतिहासिक पट चंद्रपूर जिल्ह्यातच पाहावयास मिळतो. १९७९ साली चंद्रपूर येथे वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. मूल्यमापनाची दोन पीठे एकाच वर्षी एकमेकांपासून अगदी जवळ उभी राहिली. दुसऱ्या पीठाची गरज का भासली, याचे एक कारण असे देता येईल की पहिल्या पीठापुढे आदिवासी लेखकाला बहुधा दोनच प्रकारचे अभिप्राय मिळत: भाषा अशुद्ध आहे, किंवा अनुभव जिवंत आहे. या दोहोंच्या मध्ये, जेथे कवितेची कविता म्हणून चर्चा होते, तेथे त्याला जागा नव्हती. त्यानंतर वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) आणि भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' (१९९०) हे संग्रह आले. या कवींनी मुक्त रचनेचा मार्ग पत्करला, यामागे इतर कारणांबरोबर यमकाच्या या न्यायालयात उभे न राहण्याचा निर्धारही असू शकेल.

येथे आणखी एक भेद नजरेआड होता कामा नये. गडचिरोलीच्या दक्षिण भागात ज्याची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे, त्या विद्यार्थ्याचा प्रश्न झाडीबोली बोलणाऱ्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा आहे. मराठी यमक तिच्यातून वाहत येत नाही. रेला गाण्याची वीण पुनःपुन्हा येणाऱ्या पालुपदाने आणि नाचाच्या पावलांनी सांभाळली जाते. असा विद्यार्थी मराठीत यमक जुळवितो तेव्हा तो खरोखरच शाळेत शिकलेल्या भाषेत यत्न करीत असतो. त्याला 'तुझा कान बरोबर आहे' असे सांगणे खोटे ठरेल, आणि 'तुझे यमक चुकले' एवढेच सांगणे अपुरे ठरेल. यमकाऐवजी पालुपद हे त्याच्या कवितेचे स्वाभाविक बंधन असू शकते, ही शक्यता त्याच्यापुढे ठेवणे हा खरा अभिप्राय होय. 'वनप्रदेशातील नवोदित' अशी एकच कोटी करून सर्वांना एकच सहानुभूती वाटणे म्हणजे कोणाचेही न ऐकणे.

६

अभिप्रायाच्या ज्या परंपरा उपलब्ध आहेत, त्यांकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. उर्दूतील इस्लाहच्या परंपरेत शागीर्द आपली गझल उस्तादाकडे पाठवितो आणि उस्ताद तिच्यातील शब्द बदलतो. गालिबने हरगोपाल तफ्ता यांच्यासारख्या शिष्यांची रचना पत्रांतून तपासली. इक्बालने तरुणपणी आपल्या गझला दाग देहलवी यांच्याकडे टपालाने पाठविल्या. काही काळाने दाग यांनी आता दुरुस्तीची गरज उरलेली नाही असे कळविले, हे प्रसिद्ध आहे. इस्लाहमध्ये उस्तादाची सत्ता जवळजवळ निरपवाद असते. तरीही ती अन्याय्य वाटत नाही, याची दोन कारणे आहेत. एक, शागिर्दाने ती जबान आणि तो उस्ताद स्वतः निवडलेला असतो. दोन, ही सत्ता स्वतःच्या समाप्तीसाठी राबते. शिष्याला मोकळे करणे हा तिचा शेवट असतो.

मराठीत सुरेश भट यांनी 'गझलेची बाराखडी' नवोदितांसाठीच लिहिली. काफिया, रदीफ आणि अलामत यांचे नियम तीत स्पष्ट केलेले आहेत, आणि त्या नियमांत सवलत नाही. अशा कठोर नियमांचा बोलीशी विरोध असलाच पाहिजे, असे मात्र नाही. 'काळा' आणि 'वारा' हे काफिये प्रमाण मराठीतील गझलेत त्याज्य ठरतील. पण संपूर्ण गझल झाडीबोलीत असेल तर 'कारा' आणि 'वारा' हे काफिये त्याच नियमाने निर्दोष ठरतील. नियम ध्वनीचा आहे, लेखनाचा नाही. नियम शिथिल न करता तो कोणत्या उच्चाराला लावायचा एवढे ठरविले, की बोलीचा सन्मान आणि रचनेची शिस्त यांतील कल्पित विरोध नाहीसा होतो.

झाडीपट्टीच्या स्वतःच्या परंपरेत याहून निराळा नमुना आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात एका शाहिराच्या कवनाला दुसरा शाहीर कवनानेच उत्तर देतो. तेथे यमकाची चूक दाखविणाऱ्याला स्वतः यमक जुळवून दाखवावे लागते, आणि निवाडा जे लोक करतात ते दोघांचीही बोली बोलणारे असतात. पेन्सिल आणि वही यांच्या व्यवहारात ही समानता नाही. तेथे एक जण उघडा पडतो. दुसरा काहीच पणाला लावत नाही.

पाश्चात्त्य परंपरेतील एक प्रसंग याच संदर्भात स्मरणीय आहे. फ्रान्झ काप्पुस या तरुणाने आपल्या कविता रिल्केकडे पाठविल्या. १९०३ च्या पहिल्या पत्रात रिल्केने त्यांची समीक्षा करण्यास नकार दिला आणि लिहिल्यावाचून जगता येईल का, हे स्वतःलाच विचारण्यास सांगितले. हा उपदेश जगभर उद्धृत होतो. परंतु १९०४ मधील एका पत्रासोबत रिल्केने जे केले ते अधिक अर्थपूर्ण आहे. काप्पुसचे एक सुनीत त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून त्याला परत पाठविले, यासाठी की त्याने ते दुसऱ्याचे म्हणून वाचावे. एक शब्दही न बदलता, एक खूणही न करता दिलेला हा अभिप्राय आहे. कवितेची नक्कल करणाऱ्याला प्रत्येक अक्षरावर थांबावे लागते. ज्याची कविता आहे त्याला तेवढ्याने कळते की कोणीतरी येथपर्यंत आले होते. 'जवळ जाणे' हा अभिप्रायाचा धात्वर्थ येथे अक्षरशः पाळला गेला आहे.

७

अभिप्राय देण्याची नीती जशी आहे, तशी तो घेण्याचीही आहे. आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. नवोदिताला नम्रतेचा उपदेश केला जातो. नम्रता पुरेशी नाही. सर्व दुरुस्त्या मान्य करणारा नवोदित नम्र दिसतो, पण तो आपल्या कवितेची जबाबदारी दुसऱ्यावर टाकत असतो. सर्व दुरुस्त्या नाकारणारा तिची जबाबदारी घेतो, पण तिला ऐकत नाही. यांपलीकडे एक अवघड काम आहे: प्रत्येक खुणेपाशी थांबून, ही खूण ओळीतील उणीव दाखविते की वाचणाऱ्याच्या आणि आपल्या उच्चारातील अंतर दाखविते, हे ठरविणे. उणीव असेल तर ओळ बदलावी. अंतर असेल तर निवड करावी लागते, आणि ही निवड सोपी नाही. 'कारा' असे लिहिले तर यमक वाचते, परंतु कवितेवर 'बोलीतील कविता' असा शिक्का बसतो आणि तिचा वाचक मर्यादित होतो. 'काळा' असे लिहिले तर वाचक वाढतो, परंतु त्याच्या नजरेला कविता सदोष दिसते. तिसरा मार्ग म्हणजे यमकच सोडून देणे. यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी काही गमवावे लागते; आणि काय गमवायचे हे ठरविण्याचा अधिकार नवोदिताचा आहे, परीक्षकाचा नाही. बोलीचा कैवारी आग्रहाने 'कारा'च लिहायला लावतो तेव्हा तोही हा अधिकार हिरावून घेत असतो.

स्तुती स्वीकारण्यातही असाच धोका आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. मराठीत नवोदिताला मिळालेला याहून उदार अभिप्राय क्वचितच असेल. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. तरीही काव्येतिहासात ते बालकच राहिले, आणि त्यांच्या कवितेतील औदासीन्याकडे समीक्षेचे लक्ष पुष्कळ उशिरा वळले. औदार्याने दिलेले नावसुद्धा माणसाला एका वयात, एका प्रतिमेत थांबवू शकते. 'झाडीपट्टीचा कवी', 'रानकवी' अशी बिरुदे देताना याचा विचार व्हावा.

८

या विवेचनावरून नवोदिताच्या यमकबद्ध कवितेवरील अभिप्रायाच्या काही अटी निष्पन्न होतात. पहिली अट श्रवणाची: कविता कागदावर वाचण्यापूर्वी ती कवीच्या तोंडून, त्याच्या घरच्या उच्चारात ऐकली पाहिजे. 'हा शब्द तुमच्याकडे कसा म्हणतात?' हा प्रश्न पेन्सिलीच्या आधी आला पाहिजे. दुसरी अट सत्याची: जो शब्द केवळ यमकासाठी आला आहे, तो कोणता हे न कचरता सांगितले पाहिजे, बोलीचा किंवा परिस्थितीचा विचार तेथे सवलत म्हणून येता कामा नये. तिसरी अट संयमाची: दोष दाखविणे आणि पर्याय सुचविणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम नवोदिताचे आहे. चौथी अट अशी की अभिप्राय देणाऱ्याने आपलेही काही पणाला लावावे. निदान स्वतःचा कान अपुरा असू शकतो, एवढी शक्यता तरी.

या अटी पाळल्याने नवोदित मोठा कवी होईल, याची हमी नाही. बहुसंख्य वह्या वह्याच राहतात, आणि त्यात शोक करण्याजोगे काही नाही. काप्पुसही मोठा कवी झाला नाही. परंतु वही परत घेऊन जाणारा माणूस आपल्या घरी कोणत्या भाषेत परततो, हा प्रश्न कवितेच्या यशाहून मोठा आहे. ज्याला 'तुझे यमक चुकले' एवढेच ऐकून परतावे लागले, त्याला आईचे बोलणेही चुकीचे ऐकू येऊ लागण्याचा संभव आहे. ज्याला 'हे यमक तुझ्या घरचे आहे. पण ही तिसरी ओळ तुझी नाही' असे सांगितले गेले, तो त्या तिसऱ्या ओळीपाशी पुन्हा बसेल. कविता तेथून पुढे सरकेल किंवा सरकणारही नाही; कान मात्र त्याचा त्याच्यापाशी राहील.